रकाना चौथा: फिल्म म्हणजे काय

जावईबापूंना या सगळ्या प्रकरणातून पदरात पाडून घ्यायची होती ती साडेचार फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशी खिडकीजवळची जागा. तिथे टेबल येणार होतं, टेबलावर दिवा, आणि टेबलामागे स्वतः जावईबापू. सतरा वर्षं ते जेवणाच्या टेबलावर लिहीत आले होते आणि सतरा वर्षं, वाक्य ऐन रंगात आलं की समोर ताटं येत होती. जमेच्या बाजूला इतकं. खर्चाच्या बाजूला अकरा पत्र्याचे डबे, दोन कड्यांच्या पेटीतलं एक मशीन आणि सासऱ्यांचा राग. पण सासरे रागावले की फक्त गप्प बसत, आणि गप्प बसायला जागा लागत नाही. हिशेब कुठल्याही बाजूनं तपासला तरी फायद्याचा होता.

पाणीखात्याच्या कचेरीतल्या हजेरीपटावर त्यांचं रीतसर नाव आहे. पण सासरे राहायला आले आणि त्यांनी जिन्यातून पहिली हाक मारली, "जावईबापू, जरा हात लावता का?" त्या दिवसापासून इमारतीत ते जावईबापूच झाले. दूधवालासुद्धा तसंच म्हणतो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी असताना माणसानं जावई म्हणून ओळखलं जावं, हे दुःख त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. बायकोला एकदा दाखवलं होतं. ती म्हणाली, "मग काय खोटं आहे का?"

सासरे फिरते ऑपरेटर होते. एकतीस वर्षं त्यांनी सोळा मिलिमीटरचं मशीन घेऊन कारखान्यांचे क्लब, शाळांची सभागृहं, इस्पितळांची आवारं पालथी घातली. चादर बांधायची, मशीन मांडायचं, सिनेमा दाखवायचा, चादर सोडायची. पुढे कंपनी बंद पडली. मशीन आणि डबे परत घ्यायला कुणी उरलंच नाही, म्हणून ते त्यांच्याबरोबर आले आणि खिडकीखाली जाऊन बसले. त्या कामाबद्दल सासरे घरात कधी बोलत नसत. लग्न ठरतानाच्या बैठकीत जावईबापू हसत हसत म्हणाले होते, "म्हणजे बटण दाबायचं, असंच ना?" त्याला एकोणीस वर्षं झाली. म्हाताऱ्यानं त्यावर "हो, तसंच" एवढंच म्हटलं होतं आणि विषय कायमचा मिटवला होता.

सुरुवात वासानं झाली. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी एके सकाळी वर आले, दारातच उभे राहिले आणि नाक वर करून म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडे काहीतरी आंबतंय."

"आमच्याकडे काही आंबत नाही," आतून बायको म्हणाली. सेक्रेटरींना जे म्हणायचं होतं ते तिनं स्वयंपाकघरावर घेतलं होतं.

"वहिनी, तुम्हाला नाही हो म्हणत. आठवडाभर जिन्यात वास आहे. आमच्या हिला वाटलं मीच मोजे धुतले नाहीत. घरात बोलणी मी खातोय."

वासाचा माग काढत तिघं खिडकीपाशी पोहोचले. सासरे खुर्चीत बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "फिल्म जुनी झाली की येतो. आंबते ती."

"फिल्म म्हणजे पेट घेणारी?" सेक्रेटरी एकदम दोन पावलं मागे सरले.

"ही नाही घेत. कडेला छापलंय बघा."

सेक्रेटरींनी कडेला छापलेलं वाचलं नाही. संध्याकाळपर्यंत इमारतीत दोन गोष्टी पक्क्या झाल्या होत्या. जावईबापूंच्या घरात स्फोटक पदार्थ आहे, ही एक. तो सडला आहे, ही दुसरी. रविवारी समितीची सभा झाली आणि महिनाअखेर डबे हलवावेत असा ठराव एकमतानं मंजूर झाला. जावईबापू सभेत खाली मान घालून बसले होते. मान खाली घातली होती ती चेहऱ्यावरचा आनंद दिसू नये म्हणून.

घरी येऊन त्यांनी आवाजात शक्य तेवढा खेद आणला. "बाबा, समितीचं म्हणणं पडलं की…"

"द्या," सासरे म्हणाले. मग डब्यांकडे वळून म्हणाले, "अकरावा डबा सगळ्यात शेवटी द्या. एवढंच."

अकराव्या डब्यावर नाव नव्हतं. बाकीच्या दहांवर होतं: 'हात स्वच्छ धुवा', 'यंत्राजवळ सैल कपडे घालू नका', असली सगळी उपयुक्त मंडळी. अकराव्याच्या झाकणाला बारीक भोकं पाडलेली होती, आणि सासरे रोज सकाळी तो डबा उघडून पाच मिनिटं वारा देत, हे जावईबापूंनी पाहिलं होतं. त्यात काय आहे ते विचारलं नव्हतं. टेबलाची मापं मात्र दोनदा घेतली होती.

आता डबे फेकणं म्हणजे काय, उचलायचे आणि फेकायचे, असं ज्याला वाटतं त्यानं कधी काही फेकलेलं नसतं. भंगारवाला डबे घ्यायला तयार होता, पण रिकामे. "आतलं मी घेत नाही साहेब. मागं एकानं घेतलं, तर त्याला विचारायला माणसं आली, कुणाचा सिनेमा चोरला म्हणून. तुम्ही नगर कचेरीची चिठ्ठी आणा."

नगर कचेरीत 'असाधारण वस्तू विल्हेवाट अर्ज' मिळाला, तीन प्रतींत. पहिले तीन रकाने जावईबापूंनी उभ्या उभ्या भरले. चौथा होता: वस्तू नेमकी काय आहे. त्याखाली बारीक अक्षरात, 'एका शब्दात लिहू नये.' माणसं एका शब्दात 'सामान' लिहून मोकळी होतात, त्यावरचा हा उपाय असावा.

जावईबापू स्वतः कारकून. अर्ज कसा भरावा हे आपल्याला कुणी शिकवावं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. त्यांनी लिहिलं: 'जुने चित्रपट, नग अकरा.'

खिडकीतल्या माणसानं वाचलं आणि अर्ज परत सरकवला. "चित्रपट सांस्कृतिक विभागात. दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "अकराव्याचं नाव काय?"

"नाव नाही."

"कथा कुणाची?"

"माहीत नाही."

"मग चित्रपट कसा? चित्रपटाला नाव असतं. नाव नसेल तर ती नुसती फिल्म. खाली जा."

खाली त्यांनी 'चित्रपट' खोडून 'फिल्म' लिहिलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "फिल्म प्लास्टिक विभागात. मागच्या इमारतीत." मागच्या इमारतीत एक गृहस्थ पट्टी घेऊन बसले होते. त्यांनी फक्त "जाडी किती?" असं विचारलं. जाडी सांगता येईना, तेव्हा ते म्हणाले, "भाजी गुंडाळायची फिल्म की फोटोची? फोटोची असेल तर तिच्यावर लेप असतो. लेप असलेलं आमच्याकडे येत नाही. ती वस्तू नेमकी काय आहे ते आधी शोधून काढा, मग या." आणि त्यांनी सहानुभूतीनं असंही सांगितलं की, याआधी एक जण असाच आला होता, तो परत आलाच नाही.

जावईबापू घरी आले तेव्हा त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती. सतरा वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवणाऱ्या माणसाचा अर्ज एका दिवसात तीनदा परत आला होता. आणि तोही ज्या शब्दावर आला, तो शब्द गल्लीतलं शेंबडं पोरही रोज वापरत असेल! फिल्म म्हणजे काय, हे काय विचारणं झालं? फिल्म म्हणजे… फिल्म. 'सिनेमा' म्हणावं तर तो दाखवतात ती गोष्ट. 'पट्टी' म्हणावं तर ती पायजम्यालाही असते.

इमारतीत सल्ल्यांची कमतरता नव्हती. सेक्रेटरी म्हणाले, "'घातक' लिहा. घातक म्हटलं की लगेच उचलतात." समोरच्या घरातले वीजमिस्त्री म्हणाले, "'काही नाही' लिहा. काही नसलेल्याला काय विचारणार?" वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, "वर या. कोश आहे माझ्याकडे. सगळ्यांचं ऐकत बसलात तर अर्जाऐवजी निबंध होईल."

बाईंचा कोश दोन्ही हातांनी उचलावा लागे. त्यांनी चष्मा पुसला, पान काढलं आणि वाचता वाचता त्यांचा मास्तरकीचा आवाज हळूहळू खाली आला.

"इंग्रजीतला फार जुना शब्द आहे हो. शेकडो वर्षं जुना. सिनेमाचा याच्याशी काहीच संबंध नव्हता. मूळ अर्थ त्वचा. पातळ पापुद्रा."

"पापुद्रा?"

"अंड्याच्या कवचाच्या आत असतो ना, तसा. डोळ्यावर येतो तो. दुधावर धरते तशी साय म्हणा. मग कुठल्याही पातळ थराला म्हणायला लागले. मग फोटोच्या काचेवर औषधाचा लेप देत, त्या लेपाला. मग काच गेली, पट्टी आली, तर लेपासकट पट्टीला. आणि मग पट्टीवर दिसणाऱ्या गोष्टीला." बाईंनी कोश मिटला नाही. बोट त्या ओळीवरच ठेवलं. "पस्तीस वर्षं शिकवलं मी. पण सिनेमाला जाऊन रडले, हसले, ते एका सायीच्या नावानं, हे आज कळतंय."

जावईबापूंना एरवी अशा वाक्यांचा कंटाळा. पण जिना उतरताना त्यांनी स्वतःच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून पाहिली.

घरी त्यांनी सासऱ्यांना, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, कामाचा प्रश्न विचारला. "बाबा, फिल्मवर लेप असतो म्हणतात. कसला?"

सासऱ्यांनी आधी त्यांच्याकडे नीट पाहिलं, हा प्रश्न टेबलाचा आहे की खरा, हे ताडत. मग ते म्हणाले, "सरस असतो. हाडं आणि कातडं उकळून करतात तो. त्यात चांदीचे कण. इतके बारीक की मोजायला जाऊ नये. चित्र पट्टीवर नसतंच जावईबापू, पट्टी नुसती काचेसारखी. चित्र त्या कातडीत असतं."

"म्हणजे खरंच कातडी?"

"आम्ही साय म्हणायचो. तुटली की जोडायला आधी साय खरवडावी लागते ब्लेडनं. खरवडल्याशिवाय सांधा बसत नाही. थोडी करडी भुकटी पडते. ते चित्र असतं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात थबकली होती. तिनं वडिलांना इतकी वाक्यं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी चौथ्या रकान्यात, ओळ सोडून समासात, स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'प्राणिज सरसाचा अतिशय पातळ थर, त्यात चांदीचे सूक्ष्म कण, त्या कणांची चित्रे झालेली, हे सर्व पारदर्शक पट्टीवर चिकटवलेले, रिळे, नग अकरा.' खिडकीतल्या माणसानं ते दोनदा वाचलं. त्यानं शेजारच्याला दाखवलं. शेजारच्यानं आणखी एकाला. मग तो अर्ज न बोलता आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्यावर चार वेगवेगळ्या विभागांचे शिक्के होते. त्यांतला एक मृत जनावरं उचलणाऱ्या विभागाचा होता. पण रकाना मंजूर झाला होता.

अडकलं ते सहाव्या रकान्यात. वस्तूत मजकूर असल्यास तो तपासून पाहिल्याचा दाखला. दहा डब्यांवर नावं होती, कंपनीच्या यादीशी ती जुळत होती, तो प्रश्न मिटला. अकराव्याला नाव नाही, यादीत नोंद नाही. निरीक्षक घरी येऊन समक्ष पाहतील. सोमवारी सकाळी अकरा वाजता. त्याच दिवशी दुपारी गाडी येऊन सगळं घेऊन जाईल.

"समक्ष म्हणजे चालवून?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो, असंच लिहिलंय."

म्हाताऱ्यानं डबा मांडीवर घेतला. "आकसलीय ती. सांधे वाळलेत. एकदा जाईल मशीनमधून. पुन्हा नाही."

"आहे काय त्यात, बाबा?"

"ती तुटायची ना," सासरे म्हणाले, "आठवड्यातून दोनदा, तीनदा. अंधार व्हायचा, लोक शिट्ट्या मारायचे. मी फाटलेली दोन-तीन चित्रं कापायचो, जोडायचो, पुन्हा चालू. लोकांना कळायचंसुद्धा नाही काय गेलं. पण गेलं ना? कापलेलं मी फेकलं नाही. जोडत गेलो. एकतीस वर्षांत चार हजारांच्या आसपास तुकडे झाले. सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. बारा हजार चित्रं धरा. आठ मिनिटं वीस सेकंद." त्यांनी झाकणावरून हात फिरवला. "मीही पाहिलेली नाही कधी. एकदाच जाणार, म्हणून ठेवून दिली."

जावईबापूंनी आयुष्यात बरेच हिशेब केले होते, पण असा हिशेब त्यांच्यापुढे कुणी मांडला नव्हता. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. ते म्हणाले, "चादर धुतलेली आहे ना गं घरात?"

सोमवारी सकाळी पहिला पेच अंधाराचा. अकराच्या उन्हात खोली काळी करायची म्हणजे इमारतीला काम मिळालं. वीजमिस्त्रींनी दोन गाद्या आणून खिडकीला उभ्या केल्या. गाद्या घसरू नयेत म्हणून त्यांना पाठ लावून स्वतः उभे राहिले. झरोक्यातून उजेड येत होता, तिथे मास्तरीणबाई स्टुलावर चढून छत्री उघडून धरत्या झाल्या. वय पाहता त्यांनी उतरावं असं चार जणांनी सुचवलं. त्या म्हणाल्या, "मी पाहणार आहे, तेही वरून." सेक्रेटरी पाण्याच्या दोन बादल्या घेऊन आले होते, आग विझवायला. दाराच्या फटीत जावईबापूंचा कचेरीचा कोट कोंबला गेला. हे कुणी केलं ते शेवटपर्यंत समजलं नाही.

निरीक्षक आले. त्यांना जबर सर्दी झाली होती. सेक्रेटरींनी वास दाखवायला उघडा डबा त्यांच्या नाकाखाली धरला, तेव्हा त्यांनी खोल श्वास ओढण्याचा प्रयत्न केला आणि वहीत लिहिलं, 'वास: समजत नाही.' सेक्रेटरींचा चेहरा पडला.

सासऱ्यांनी मशीन पेटीतून काढलं. तेव्हा जावईबापूंना पहिल्यांदा कळलं की बटण हे सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी म्हाताऱ्यानं मऊ कापडानं एक फट पुसली, फुंकर मारली, पुन्हा पुसली. पट्टी एका दात्यावरून घेतली, वळसा दिला, बोटानं वळशाचं माप घेतलं. इकडून ओवली, तिकडून काढली. थरथरणारे हात पट्टीला लागले की थरथरत नव्हते. जेवताना या हातांतून चमचा पडतो, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं.

"खालचं चाक लावत नाही," ते म्हणाले. "ओढ बसली तर सांधे आतच सुटतील. बाहेर येईल ते खाली पडू दे. जावईबापू, कपड्यांची टोपली धरा. हलू नका."

"मी?"

"मग कोण?"

अशा रीतीनं यजमान, अर्जदार आणि घराचे मालक असलेले जावईबापू मशीनच्या मागे उकिडवे बसले, मांडीत मळक्या कपड्यांची टोपली धरून, पडद्याकडे पाठ करून. मानाची म्हणून जी खुर्ची त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती तिच्यात निरीक्षक शिंकत होते.

दिवा लागला. मशीन सुरू झालं.

पहिल्यांदा जावईबापूंना पडदा दिसलाच नाही. त्यांना समोरचे चेहरे दिसले. पांढऱ्या, काळ्या, पांढऱ्या उजेडात चेहरे लुकलुकत होते. सेक्रेटरी हातात बादली धरून उभे होते आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. मास्तरीणबाईंची छत्री हळूहळू कलत होती, पण झरोक्याचा उजेड आता कुणाला दिसत नव्हता. कुणी काही बोलत नव्हतं. या इमारतीत कुणी काही बोलत नाही, असं घडल्याची नोंद नाही.

टोपलीत टप टप काहीतरी पडायला लागलं. मशीनमधून बाहेर येताच वळणावर एकेक सांधा सुटत होता. दोन चित्रांएवढे, तीन चित्रांएवढे तुकडे, वाळक्या पानांसारखे त्यांच्या हातावर पडत होते. पडद्यावर एकदा दिसलं की संपलं. सुटून खाली.

मग त्यांनी मान वळवली.

दाराच्या कडीवर एक हात. घोड्याचा पाय, जमिनीला न टेकलेला. नळाखाली धरलेले तळवे. बोलायला उघडलेलं तोंड, शब्द बाहेर यायच्या आधीच गेलेलं. धूर. कुणाची तरी पाठ. एक बाई डोळे मिटते आहे, अर्धेच मिटले. यंत्राचं चाक. पळणारं मूल, त्याचा एकच पाय. आणि आवाज: एक अक्षर, एक ठोका, पेटीचा अर्धा सूर, हसण्याची सुरुवात, पुन्हा एक अक्षर. कशाचा कशाशी संबंध नव्हता. पण डोळा गप्प बसेना. तो जोडत होता. कडीवरच्या हातानं दार उघडलं असावं आणि त्यातून घोडा आत आला असावा. घोड्याला पाहून त्या बाईनं डोळे मिटले असावेत. चार हजार ठिकाणी फाटलेलं ते सगळं एकच कुणीतरी एका दमात सांगतंय, असं वाटत होतं. जिथे जिथे अंधार झाला होता, लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या, तिथे तिथे जे गळून पडलं होतं, ते सगळं आत्ता या खोलीत, एका चादरीवर, शेवटचं जात होतं. आणि हे सगळं होतं कशात? हाडं उकळून केलेल्या सायीत. जावईबापूंच्या अंगावर काटा आला. तो काटाही कातडीवरच येतो, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

बायको वडिलांच्या शेजारी उभी होती. "बाबा, हे सगळं तुम्ही…"

"बघ," म्हातारा म्हणाला. "बोलू नको. पुन्हा नाहीये."

आठ मिनिटं वीस सेकंदांनी चादर पांढरी झाली. मशीनमध्ये पट्टी उरली नव्हती. गाद्यांना पाठ लावलेले वीजमिस्त्री बाजूला सरले, गाद्या पडल्या, उजेड आत घुसला आणि सगळे डोळे चोळायला लागले. काहींनी जरा जास्तच चोळले. सेक्रेटरींनी सर्दीची साथ आहे असं सांगितलं.

निरीक्षकांनी नाक पुसलं, वही काढली. "तपासणी झाली. मजकूर आक्षेपार्ह नाही. मजकूर…" ते थांबले. "मजकूर काय लिहू?"

सेक्रेटरींनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं, मास्तरीणबाईंनी चादरीकडे.

"बरं. अर्जदारांची सही इथे. दुपारी गाडी येईल."

टोपली मांडीत तशीच होती. जावईबापूंनी पेन घेतलं. आयुष्यात त्यांनी स्वतःचा भरलेला अर्ज कधी मागे घेतला नव्हता. मागे घेणाऱ्यांकडे ते खिडकीतून ज्या नजरेनं पाहत, ती नजर त्यांना चांगली ठाऊक होती.

"मला हा परत घ्यायचा आहे," ते म्हणाले.

"काय?"

"अकराव्यापुरता. दहा न्या तुम्ही. ही वस्तू द्यायची नाही."

"तसा अर्ज नाही," निरीक्षक म्हणाले. "विल्हेवाटीचा आहे, विल्हेवाट न लावण्याचा छापलेला नाही. चार विभागांचे शिक्के आहेत साहेब. मी रिकाम्या हातानं गेलो तर मला विचारतील."

"मग मी देत नाही म्हणून लिहा. दंड लावा. नोटीस काढा. मी कचेरीत आहे, नोटीस कशी लिहितात मला माहीत आहे, मीच मजकूर सांगतो." जावईबापूंचा आवाज चढला होता. बायको त्यांच्याकडे अशी पाहत होती, जणू या गृहस्थांची तिला नव्यानं ओळख करून द्यायला हवी होती. "जावई म्हणा, काही म्हणा, टोपली मी सोडणार नाही!"

सेक्रेटरींनी बादली खाली ठेवली. "समितीचा ठराव वासाबद्दल होता," ते हळूच म्हणाले. "वास साहेबांना समजलेला नाही. तशी नोंद आहे."

निरीक्षकांनी टोपलीत डोकावून पाहिलं. एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, बराच वेळ धरला. मग अर्ज उलटसुलट करून वाचला. "अर्जात काय आहे? 'पट्टीवर चिकटवलेले, रिळे, नग अकरा.' अकरावं रीळ कुठंय इथे? हे सुटे तुकडे. चार हजार म्हणता. चार हजार नगांचा अर्ज माझ्याकडे आलेला नाही." त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'वस्तू जागेवर आढळली नाही,' आणि सही केली. अर्ध्या जिन्यातून वर येऊन त्यांनी तो तुकडा परत दिला. खिशात राहिला होता म्हणाले. राहिला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

आता या सगळ्याची किंमत म्हणून कुणी काय भरलं ते लिहायचं राहिलं. निरीक्षकांनी वहीतली एक खोटी ओळ भरली. ती त्यांची पहिली असावी, कारण हात अडखळला होता. सेक्रेटरींनी समितीपुढे स्वतःचाच ठराव मागे घेण्याची नामुष्की भरली. मास्तरीणबाईंचा स्टुलावरून उतरताना पाय मुरगळला, त्यांनी पंधरा दिवस लंगडून भरले. ते त्या कौतुकानं सांगतात. सासऱ्यांनी एकतीस वर्षं जपलेली आठ मिनिटं वीस सेकंद एका फटक्यात भरली. त्यांनी तक्रार केली नाही. टेबल आलं नाही. दहा डबे गेले तिथे दोऱ्या बांधल्या आहेत आणि दोऱ्यांना कपड्यांच्या चिमट्यांनी तुकडे लटकवले आहेत.

जावईबापू रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी सासऱ्यांसमोर पाट टाकून बसतात. ब्लेड, ब्रश, सांधायचं औषध. दिवसाला दहा सांधे. टोपलीत जे शेवटी पडलं ते वर आहे, म्हणून शेवटाकडून सुरुवातीकडे चालले आहेत. जुना खरवडलेला भाग नीट जुळला तर एकही चित्र जात नाही. "हलक्या हातानं, जावईबापू. सालं काढताय का?" असं त्यांना रोज ऐकावं लागतं. सतरा वर्षांची कारकुनी, आणि एका ब्लेडवरून बोलणी! ते चूपचाप पुन्हा वाकतात.

काल तीनशे बारावा सांधा त्यांनी उलट बाजूनं बसवला. औषध सुकलं होतं. सासऱ्यांनी तो तोडायला लावला, दोन्हीकडून एकेक चित्र कापायला लावलं, नव्यानं खरवडायला लावलं. कापलेली दोन चित्रं जावईबापूंनी खिडकीशी धरली. दोन्हींत डोळे मिटणारी तीच बाई होती, फिल्म तिथे दोनदा तुटली असावी. आधीच अर्धी मिटलेली पापणी, त्यातला आणखी थोडा भाग गेला. त्या दोन चित्रांची किंमत मात्र यांपैकी कुणीच भरली नाही. जी कोण होती, कुठे होती, हे कुणालाच ठाऊक नाही, त्या बाईनं ती भरली.